उभ्यानं मळायचा पाव

६ फेब्रुवारी

वन्सं,

नमस्कार करते. राग आहे म्हणून तो बुडवणार नाही. फोन तुम्ही उचलत नाही, मेसेजवर निळ्या खुणा उमटतात आणि पुढे सगळं सामसूम. म्हणून पत्र लिहितेय. पाकीट हातात आल्यावर न वाचता टाकून देण्यातल्या तुम्ही नाही, एवढं तुम्हाला ओळखते.

आप्पा काल घरी आले. खुब्याचे टाके सुकलेत. तुमच्या भावानं आणि शेजारच्या सुतारानं त्यांना खुर्चीसकट उचलून जिन्यानं वर आणलं. आप्पांनी सगळा वेळ डोळे मिटून घेतले होते. ज्या जिन्यावरून त्यांनी पिठाची पोती खांद्यावर नेली, त्याच जिन्यावर आपलीच वरात निघालेली त्यांना बघवली नसावी.

दवाखान्याच्या दारात, चार माणसांदेखत, तुम्ही जे बोललात ते माझ्या लक्षात आहे. "हिच्या हातचं खाऊन माणूस उठायचा नाही." वन्सं, मी शाळेत खेळाची बाई आहे. फाटकातून वर्गापर्यंत येताना धापा टाकणारी पोरं माझ्या हाताखाली मैदानाला फेऱ्या मारायला लागली. माणूस कसा उठवायचा हे मला शिकवू नका.

तुमची अटही पाठ आहे. मार्चअखेरपर्यंत आप्पा स्वतःच्या पायांनी आमचा जिना उतरले नाहीत, तर तुम्ही गाडी घेऊन येणार आणि त्यांना तुमच्या गावातल्या शुश्रूषागृहात ठेवणार. तिथे लिफ्ट आहे, नर्स आहे. तुमच्या घरी नाही, कारण तुमचा तिसरा मजला आणि लिफ्ट नाही. अट ऐकून तुमचा भाऊ नेहमीप्रमाणे दोन्ही डगरींवर हात ठेवून म्हणाला, "बघू या की." मी मात्र तिथंच पदर खोचला.

डॉक्टर म्हणाले, पायांत मांस उरलेलं नाही, भरपूर प्रोटीन द्या, ताजी फळं द्या, रोज उभं करा. आज सकाळी दोन उकडलेली अंडी, घट्ट दही, मोड आलेल्या मुगावर लिंबू आणि पपईची फोड, असा बेत केला. फळांची सोय दाराशीच आहे. आप्पांच्या बेकरीचा गाळा आता फळवालीला दिलाय. ती खालून टोपली दोराला बांधते, मी खिडकीतून ओढून घेते. तुमच्या शुश्रूषागृहात ही सोय नसेल.

आप्पा मजेत आहेत.

तुमची भावजय

१३ फेब्रुवारी

वन्सं,

उत्तर आलं नाही. चालायचंच. मी लिहीत राहणार.

आजचा नाश्ता ऐकाच. पनीर कुस्करून अंड्यांत घातलं, वर मिरी. वाटीभर उकडलेले हरभरे, त्यात काकडी आणि टोमॅटो. दह्यात केळ्याचे काप आणि भाजलेल्या शेंगदाण्यांचा कूट. संत्र्याच्या फोडी, बी काढलेल्या, वरची पांढरी सालसुद्धा सोललेली, कारण आप्पांच्या कवळीत ती अडकते. एवढं सगळं शाळेची घंटा व्हायच्या आत. शिक्षकांच्या खोलीत मी ताटलीचा फोटो दाखवला तर चित्रकलेच्या बाई म्हणाल्या, "हे खायचं की भिंतीवर टांगायचं?" मी म्हटलं, सासऱ्यांसाठी आहे. त्यावर त्या वह्या तपासायला लागल्या. त्यांच्या सासऱ्यांना रोज चहाबिस्किटावर भागवावं लागतं हे सगळ्यांना ठाऊक आहे.

तुम्ही औषधांच्या दुकानात दिवसभर प्रोटीनचे डबे विकता. आमच्या घरात एकही डबा नाही. सगळं ताजं, सगळं माझ्या हातचं.

आप्पांची तब्येत म्हणाल तर ठीक. सकाळी जरा तोंड फिरवतात. दुपारी चार घास खातात. व्यायाम करून घ्यायला एक मुलगी येते, तिला आम्ही फिजिओताई म्हणतो, ती गोड बोलते.

तुमच्या भावाची पँट मात्र कमरेत बसेना झालीय. सहज सांगितलं.

तुमची भावजय

२१ फेब्रुवारी

वन्सं,

मागच्या पत्रात थोडी लपवाछपवी होती. तुमच्या भावाची पँट का बसेना हे तुम्ही ओळखलंच असेल. आप्पांच्या सगळ्या ताटल्या त्याच्या पोटात जातायत. आप्पा सकाळी शितालाही शिवत नाहीत.

ते अंधार असतानाच उठतात. पलंगाच्या कडेला बसतात आणि स्वतःच्या हातांकडे बघत राहतात. मी ताटली नेली की म्हणतात, "नंतर." ताटली कोणा दुसऱ्याची असावी आणि चुकून आपल्यापुढे आली असावी, असं बघतात तिच्याकडे. मी गोड बोलून पाहिलं, रागावून पाहिलं. अंड्याचं चालत नसेल म्हणून पेरू-दही केलं, दह्याचं चालत नसेल म्हणून दुधात खजूर वाटून दिले. एक दिवस डोकं फिरलं आणि गळ्यातली शिट्टी वाजवली, मैदानावर वाजवते तशी. आप्पांनी मान वर करून नुसतं पाहिलं. इतकी शरम मला कधी वाटली नव्हती.

फिजिओताईनं काल टेपनं त्यांची पोटरी मोजली आणि टेप गुंडाळता गुंडाळता म्हणाली, "काकू, पोटात काही गेलं नाही तर मी व्यायाम कशावर करून घेऊ?" उभं केलं की पाय लटपटतात आणि ते स्वतःच खाली बसतात.

तुम्हाला हे लिहिताना माझ्या जिवावर आलंय. तुम्ही म्हणाल, मी सांगितलं नव्हतं का. म्हणा. पण वन्सं, मला भीती वाटायला लागलीय. तुमच्या अटीची नाही. ते असेच हातांकडे बघत बघत विझतील याची.

हार मात्र मानलेली नाही. तसं कुणाला सांगू नका.

तुमची भावजय

१ मार्च

वन्सं,

तुमचं कार्ड मिळालं. तीन ओळी आणि त्यातली एकही गोड नाही. "उजाडताच त्यांच्यापुढे ताट ठेवतेस? आईनं जन्मात कधी ठेवलं नाही. पहिली भट्टी निघाल्याशिवाय आप्पा पाण्याखेरीज काही घेत नसत, आणि तू म्हणे त्यांना ओळखतेस."

दारातच वाचलं. मग आत येऊन खुर्चीवर बसले. मी या घरात आले तेव्हा भट्टी बंद पडून वर्ष झालं होतं. मला कोण सांगणार होतं? पडायच्या आधी आप्पा खाली गाळ्यामागच्या खोलीत एकटेच राहायचे, तेव्हा सकाळी काय खायचे, कधी खायचे, कुणी बघितलं होतं?

मी जाऊन विचारलं, "आप्पा, भट्टी निघायच्या आधी का नाही खायचं?"

ते माझ्याकडे बघून म्हणाले, "भरल्या पोटी पावाचा वास खरा कळत नाही. करपला तरी गोडच वाटतो." मग पुढे, "आणि काम व्हायच्या आधी खाल्लं की ते फुकटचं."

पडल्यापासून इतकं लांब वाक्य त्यांच्या तोंडून आलं नव्हतं. माझ्या डोक्यात लख्ख उजेड पडला. माझ्या अंड्यांवर, दह्यावर त्यांचा राग नव्हताच. काहीही न करता आयतं पुढ्यात येणारं खाणं त्यांच्या घशाखाली उतरत नव्हतं.

दुसऱ्या दिवशी ते उठले तेव्हा मी ताटली नेलीच नाही. खुर्ची ओट्याजवळ नेली, त्यांना धरून बसवलं आणि परात मांडीवर ठेवली. परातीत मैदा, यीस्ट, मीठ, पाणी. मीच कालवलं होतं आणि चांगलंच बिघडवलं होतं. मुद्दाम नाही हो, मला खरंच येत नाही. आप्पांनी एक बोट बुडवलं.

"पाणी जास्त झालंय."

"मग काय करू?"

"तू काही करू नकोस." त्यांनी मैद्याचा डबा मागितला. मूठ मूठ पीठ घालत गेले. मग हात थांबले आणि माझ्यावरच डाफरले, "बसवून काय मळायला लावतेस? कणीक बसून मळतात. पाव उभ्यानं मळायचा असतो. अंगाचा भार पडायला हवा त्यावर."

आणि परात ओट्यावर सरकवून, ओट्याची कड धरून ते उभे राहिले, वन्सं. मी मागून पायजम्याची नाडी धरून ठेवली, लाज गेली खड्ड्यात. गुडघे थरथरत होते. हात अजिबात थरथरत नव्हते. तळहाताच्या टाचेनं तो गोळा पुढे ढकलायचा, घडी घालायची, फिरवायचा, परत ढकलायचा. थोड्या वेळानं ते खाली बसले, दम घेतला, परत उठले. त्या दिवशी फिजिओताईला व्यायाम घ्यायला काही शिल्लकच राहिलं नाही.

आमच्या छोट्या ओव्हनमधून जो पाव निघाला तो खिडकीतून टाकला असता तर फळवालीच्या डोक्याला टाके पडले असते. आप्पांनी त्याचा वास घेतला, नाक मुरडलं, बाजूला ठेवला आणि म्हणाले, "काय आहे खायला?"

दोन्ही अंडी खाल्ली. मीठ कमी आहे म्हणाले. दही चाटूनपुसून संपवलं. पपईची दुसरी फोड मागितली. तुमचा भाऊ दारात उभा राहून ताटलीकडे बघत होता, त्याला त्या दिवशी उपाशीच शाळेत शिकवायला जावं लागलं. गणिताच्या मास्तराचंच पोट रिकामं, म्हणजे पोरांचा बीजगणिताचा तास लवकर सुटला असेल.

आभार मी मानणार नाही. तुम्ही काही मदत म्हणून लिहिलं नव्हतं, टोचायला लिहिलं होतं. पण तुमचं कार्ड मी फ्रिजच्या दारावर लावलंय.

तुमची भावजय

११ मार्च

वन्सं,

आता बढाई मारणार आहे, सावरून बसा.

आप्पांची पोटरी भरतेय. फिजिओताईनं टेप दोनदा लावून पाहिली. ओट्यापासून खिडकीपर्यंत काठी घेऊन चालतात. खिडकीत त्यांचं नवं काम निघालंय. फळवालीची टोपली आता तेच ओढतात. खालून ती ओरडते, "उस्ताद, आज हळू, कलिंगड आहे," आणि हे वरून म्हणतात, "तूच वर येऊन बस टोपलीत, तुलाही ओढतो." भर रस्त्यात. मी शाळेची बाई, मला लपायला जागा नसते. फिजिओताई म्हणते दंडांसाठी यासारखा व्यायाम नाही, फक्त कलिंगड अर्धं करून पाठवायला सांगा.

आणि पाव. मी म्हटलं, आप्पा, नुसत्या मैद्यात काय आहे, जरा ताकद घाला की. त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं की जणू मी देवळातल्या मूर्तीला टोपडं घाला म्हटलंय. दोन दिवस बोलले नाहीत. तिसऱ्या दिवशी स्वतःच म्हणाले, "बेसन आण. अंडी आण. तीळ आहेत का?" बेसनानं पाव बसतो, म्हणून ते आधी कोरडं भाजून घ्यायचं. पाण्याऐवजी दूध आणि दही. वर तीळ आणि शेंगदाण्याचा भरडा. चार वेळा फसला. पाचव्या वेळी फुगला, आणि आप्पांनी वास घेऊन मान हलवली. ती त्यांची शाबासकी असते हे तुम्हाला सांगायला नको.

आता रोजचा नाश्ता असा: त्या पावाचे दोन काप, त्यावर अंडं किंवा पनीर, वाटीभर दही, आणि टोपलीतून जे येईल ते फळ. आप्पा काम करून बसतात, आम्ही भोवती बसतो. त्यांच्या कमाईचा नाश्ता आम्ही खातो. ते वाढतात सुद्धा. तुमच्या भावाला एकच काप देतात.

फक्त ओव्हनवर त्यांचा राग आहे. त्याला ते खेळणं म्हणतात. काल म्हणाले, "खाली भट्टी आहे ना अजून?" मी म्हटलं, आहे, पण तिच्यापुढे संत्र्यांच्या पेट्या रचल्यात. त्यानंतर जेवताना सारखं जिन्याच्या दाराकडे बघत होते.

तुमची भावजय

१८ मार्च

वन्सं,

या आठवड्यात विशेष काही नाही. आप्पा जरा विश्रांती घेतायत. हवा बरी आहे. पेरू गोड निघाले.

भावजय

२७ मार्च

वन्सं,

मागचं पत्र एवढंसं का, हे तुम्हाला कळलं असणार. तुमच्या भावानं फोनवर तुम्हाला ताकास तूर लागू दिली नाही हे मला माहीत आहे, कारण मीच त्याला दम दिला होता. आता ऐका.

मी शाळेत असताना आप्पा एकटेच जिन्याशी गेले. काठी एका हातात, कठडा दुसऱ्या हातात. तीन पायऱ्या उतरले आणि चौथीवर पाय घसरला. पडले नाहीत, बसले. धप्प आवाज ऐकून फळवाली वर धावली. मी आले तेव्हा दोघं पायरीवर शेजारी बसून संत्रं सोलून खात होते. डॉक्टरांनी फोटो काढला. हाड शाबूत, फक्त मुका मार. पण आप्पांनी काठी कोपऱ्यात ठेवली आणि पुन्हा पलंगाच्या कडेला बसून हातांकडे बघायला लागले. म्हणाले, "जाऊ दे मला तिकडे. तिकडे लिफ्ट आहे."

वन्सं, त्या दिवशी मी स्वयंपाकघरात जाऊन रडले. तुम्हाला हे कळवायचं की नाही, या विचारात चार ओळींचं पत्र टाकलं. तुम्ही लगेच गाडी घेऊन आला असतात, आणि तेव्हा ते गेलेही असते.

त्यांना परत उठवलं ते मी नाही. फळवालीनं. रविवारी तिनं टोपली पाठवली ती रिकामीच आली. आप्पांनी खिडकीतून विचारलं, "फळं कुठायत?" ती म्हणाली, "आजपासून खाली येऊन घ्यायची. मी पेट्या हलवल्यात, धुराडं साफ करून घेतलंय, मोडक्या पेट्यांच्या फळ्यांवर भट्टी पेटवलीय. आता ती तापली की कुणी बघायचं, मी? मला फळं कळतात, भट्टी नाही. जळालं घर तर माझ्यावर येऊ नका."

तापलेली भट्टी आणि तिच्यापाशी कुणी नाही, हे आप्पांना सहन होणं शक्यच नव्हतं. त्यांनी काठी उचलली. मी पुढे एक पायरी खाली, उलटी चालत, तुमचा भाऊ मागे. फिजिओताईनं शिकवल्याप्रमाणे उतरताना दुखरा पाय आधी. माझ्या गळ्यात शिट्टी होती, वाजवायचं धाडस झालं नाही. घसरले होते त्या पायरीवर ते थांबले. मला म्हणाले, "हात सोड." मी सोडला. जिना ते स्वतःच उतरले.

भट्टीच्या तोंडाशी हात नेऊन त्यांनी धग पाहिली आणि म्हणाले, "अजून वेळ आहे." मग तिथंच मोठ्या पाटावर, उभ्यानं, पाव मळला. पहिली भट्टी निघाली तेव्हा रस्त्यावरची माणसं वासानं थांबली. सुतार आला, चौकीदार आला, समोरच्या घरातली म्हातारी खुर्ची घेऊन येऊन बसली. फळवालीनं कलिंगड कापलं, मी अंडी उकडून खाली आणली. आप्पांनी सगळ्यांना पाव दिला आणि मग स्वतः खाल्ला.

तुमची अट पुरी झाली, मार्च संपायच्या आत. गर्व झालाय मला, आणि तो मी लपवणार नाही. आप्पांचा, फळवालीचा, तुमच्या भावाचा, आणि माझा स्वतःचासुद्धा.

तुमचं नाव घ्यायचं राहिलं. ते मी प्रत्यक्ष घेईन.

तुमची भावजय

३१ मार्च

वन्सं,

या पाकिटावर तिकीट नाही, तुम्ही बघितलंच असेल. हे पत्र मी तुमच्याकडे येताना गाडीत लिहून आप्पांच्या सदऱ्याच्या खिशात घातलंय. ते तुमच्या हातात असेल तर आप्पा तुमच्या दारात उभे आहेत, तिसऱ्या मजल्यावर, स्वतःच्या पायांनी चढून. चढताना ते मधल्या मजल्यांवर बसले असतील, तर त्यांनी स्वतः सांगितलं तरच ऐका, नाहीतर विचारू नका. आणि चढले नसते, तर हे पत्र मी फाडून टाकलं असतं आणि तुम्हाला कधी कळलंही नसतं. तेवढी लबाडी मला येते.

हे त्यांचंच ठरलं. भट्टीचे दोन दिवस झाल्यावर म्हणाले, "थोरलीकडे जाऊन किती वर्षं झाली? तिचा जिना किती आहे?" मी म्हटलं, लिफ्ट नाही. ते म्हणाले, "मी लिफ्टचं कुठं विचारलं?"

तुमच्या कार्डाबद्दल आता लिहिते. ते तुम्ही टोचायला लिहिलं होतं, पण लिहिलंत म्हणून हे झालं. माझ्या ताटल्यांनी माणूस उठला नसता. माझं बळ आणि तुमची माहिती, दोन्ही लागलं. दवाखान्याच्या दारात तुम्ही बोललात ते चूक होतं, पण पुरतं चूक नव्हतं. यापेक्षा जास्त माझ्याकडून लिहून होणार नाही.

आम्ही दोघं खाली गाडीत आहोत. मी वर आले नाही, कारण हे चढणं त्यांचं आहे, आणि बोलावल्याशिवाय मी येणारही नाही. खिडकीतून हाक मारलीत तर ऐकू येईल, काच खाली आहे.

आप्पांच्या खांद्यावरच्या पिशवीत पाव आहे, आज पहाटेच्या भट्टीचा. पपई आहे, चार पेरू आहेत. अंडी तुमच्या घरची घ्या. दोन, नीट उकडलेली, मीठ जरा जास्त. दही असेल तर घट्ट द्या. संत्रं दिलंत तर पांढरी साल काढून.

निघताना मी त्यांना पुष्कळ सांगितलं, आप्पा, प्रवास आहे, काहीतरी खाऊन घ्या. म्हणाले, "आज काम तिकडे आहे." पहाटेपासून त्यांनी पाण्याखेरीज काही घेतलेलं नाही.

काम झालंय, वन्सं. आता त्यांना वाढा.

तुमची भावजय